गाडीवरची मोरी : आधण आणि विसण

घरात मोरी असते, उपाहारगृहात सिंक असते आणि हातगाडीवर बहुधा बादली असते. अन्न शिजवण्याच्या या तीन जागांमधील स्वच्छतेचा फरक पुष्कळदा विक्रेत्याच्या वृत्तीत शोधला जातो. परंतु तो मुख्यतः पाणी कोठून येते, ते किती ऊन असते आणि वापरून झाल्यावर कोठे जाते, या तीन गोष्टींत असतो. मुंबईच्या उपनगरांत, म्हणजे घाटकोपर पूर्वेच्या वल्लभबाग गल्लीसारख्या खाऊगल्लीत किंवा अंधेरी, बोरिवली, मुलुंड येथील बाजारांच्या रस्त्यांवर, पावभाजीच्या आणि डोशाच्या ज्या गाड्या उभ्या राहतात त्यांपैकी पुष्कळ गाड्या कारखान्यातून तयार होऊन आलेल्या नसतात. लोखंडी अँगलचा सांगाडा, त्यावर स्टेनलेस स्टीलचा पत्रा आणि खाली चार चाके अशी गाडी जवळच्या वेल्डरकडून हवी तशी बांधून घेतली जाते, आणि त्यामुळे तिच्यावर हात व भांडी धुण्याची सोय असावी की नसावी, असल्यास तेथे ऊन पाणी यावे की न यावे, हे प्रत्यक्षात विक्रेता आणि वेल्डर असे दोघेच ठरवतात.

कायदा या ठरवण्यात फारसा हात घालत नाही. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, 2006 याखाली 2011 साली जे परवाना व नोंदणी विनियम झाले, त्यांनी वर्षाला 12 लाख रुपयांपर्यंत उलाढाल असणाऱ्यास लघु अन्न व्यावसायिक ठरवून केवळ नोंदणीवर सोडले. त्यांच्या परिशिष्ट 4 मध्ये फिरत्या गाडीचा पृष्ठभाग जमिनीपासून 60 ते 70 सेंटिमीटर उंच, पाणी न शोषणारा आणि सहज धुता येणारा असावा, पाणी पिण्यायोग्य असावे, अशा अटी आहेत. परवानाधारक मोठ्या व्यवसायांसाठी त्याच परिशिष्टात भांडी धुण्याच्या जागी गरम व थंड पाण्याचा पुरवठा सांगितला आहे, पण त्याला ‘गरज असल्यास’ असे एक शेपूट जोडले आहे. गरज कोणाला, कशासाठी आणि केव्हा, हे विनियम सांगत नाहीत. पुढील सर्व वाद या दोन शब्दांतून निघतो.

वाद मांडण्यासाठी येथे दोन प्रातिनिधिक व्यक्ती योजल्या आहेत. एक सार्वजनिक आरोग्य क्षेत्रातील निवृत्त अभियंता, आणि दुसरी पावभाजीची गाडी नव्याने बांधून घेणारी विक्रेती. दोघांच्या तोंडी ग्रंथभाषा घातली आहे, हे वाचकाने गृहीत धरावे, कारण उपनगरातल्या रस्त्यावर हाच वाद निम्म्या शब्दांत आणि दुप्पट आवाजात होत असतो.

अभियंता : ताई, गाडी नव्याने बांधून घेत आहातच तर तिच्यावर दोन सिंक बसवा, एक हातांसाठी आणि एक भांड्यांसाठी, आणि दोन्हींवर ऊन पाण्याचा नळ घ्या. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची जी आदर्श अन्नसंहिता आहे, म्हणजे तेथील राज्यांनी आपापले नियम करताना समोर ठेवावा असा जो नमुना-मसुदा आहे, त्यात हात धुण्याच्या सिंकवर ऊन पाणी सक्तीचे आहे. रस्त्यावरचे अन्न हे काही दुय्यम अन्न नव्हे. खाणाऱ्याचे पोट तेच असते.

विक्रेती : साहेब, त्या संहितेत ऊन म्हणजे किती ऊन, तेही सांगा.

अभियंता : पूर्वी 38 अंश सेल्सिअस होते. 2022 च्या आवृत्तीत ते 29.4 अंशांवर आणले गेले.

विक्रेती : मग मे महिन्याच्या दुपारी इमारतीच्या गच्चीवरील काळ्या टाकीतून जे पाणी येते ते त्या संहितेत आपोआप बसते, आणि एरवीही नळाचे पाणी तिच्यापासून दोन-चार अंशच दूर असते. मिनेसोटातल्या हिवाळ्यात पाण्याला हात लावता येत नाही म्हणून केलेला नियम मुलुंडच्या उकाड्यात आणून बसवायचा, आणि त्यासाठी गाडीवर वेगळी टाकी, वेगळा बर्नर आणि वेगळी नळी चढवायची, हे कशासाठी?

या उत्तरात विनोद दिसत असला तरी त्यामागे प्रयोगाचा आधार आहे. अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठात झालेल्या आणि 2017 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 21 स्वयंसेवकांचे हात निरुपद्रवी जिवाणूंनी माखून सुमारे 15, 26 आणि 38 अंशांच्या पाण्यात साबणाने धुण्यास सांगितले गेले, आणि तापमानामुळे जिवाणू कमीअधिक निघाल्याचे आढळले नाही. कारण समजण्यास सोपे आहे. हाताला सोसेल इतक्या ऊन पाण्याने जिवाणू मरत नाहीत, त्यासाठी लागणारे तापमान त्वचेला भाजून काढील; हात धुताना जिवाणू मरणे अपेक्षितच नसते, ते साबणामुळे सुटावेत आणि वाहत्या पाण्याबरोबर निघून जावेत एवढेच अपेक्षित असते. 2005 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेला कराचीच्या वस्त्यांमधील अभ्यास येथे अधिक जवळचा आहे, कारण ते शहर, तेथील पाणी आणि तेथील हवा मुंबईला परकी नाही. साबण देऊन हात धुण्याची सवय लावलेल्या घरांतील मुलांमध्ये अतिसाराचे प्रमाण निम्म्याने घटले, आणि त्यासाठी पाणी कोणी तापवले नव्हते.

अभियंत्याने हा मुद्दा तेथेच सोडला, हे त्याच्या बाजूने नोंदले पाहिजे, कारण तज्ज्ञांना मुद्दा सोडताना सहसा पाहायला मिळत नाही.

अभियंता : हातांपुरते मान्य. तेथे उष्णतेपेक्षा धार महत्त्वाची आहे. बादलीत बुडवलेला हात धुतला जात नाही, तो बादलीत वाटला जातो, म्हणून तोटी हवीच, आणि ती कोपराने उघडता येईल अशी लांब दांडीची हवी, जशी शस्त्रक्रियागृहाबाहेर असते. नाहीतर मळक्या हाताने उघडलेली तोटी धुतलेल्या हाताने बंद करायची, म्हणजे धुतलेले परत लावून घ्यायचे. पंपाची आवश्यकता नाही. पाण्याची टाकी तोटीपेक्षा 40-50 सेंटिमीटर उंच बसवली तर हात धुण्यापुरती बारीक धार गुरुत्वाकर्षणानेच मिळते. परंतु ताई, भांड्यांचे काय? तेथेही थंड पाणीच चालेल असे म्हणणार असाल तर तुमच्याच तव्याकडे पाहा.

विक्रेती : तव्याचे नको साहेब, प्लेटचे बोला, तवा तर आगीवरच असतो, त्याला पाण्याची पर्वा नसते.

प्लेटचा प्रश्न उपनगरांतील गाड्यांपुढे गेल्या काही वर्षांत नव्याने उभा राहिला आहे, याची येथे आठवण ठेवणे आवश्यक आहे. मार्च 2018 मध्ये महाराष्ट्र शासनाने अधिसूचना काढून प्लास्टिकच्या आणि थर्माकोलच्या एकदाच वापरायच्या ताटल्या, पेले, चमचे यांवर बंदी आणली, आणि त्याच वर्षीच्या जूनपासून तिची अंमलबजावणी सुरू झाली. बंदी योग्यच होती. पण तोपर्यंत खाणारा प्लेट कचऱ्यात टाकून निघून जात असे, आता ती प्लेट गाडीवाल्याकडे परत येऊ लागली. पर्यावरणाच्या खात्यातून जो बोजा उतरला तो पाण्याच्या खात्यात चढला, आणि त्या खात्याकडे कोणी पाहिले नाही. काही ठिकाणी स्टीलच्या प्लेटवर पातळ पिशवी चढवून, प्रत्येक गिऱ्हाइकानंतर ती पिशवी काढून टाकण्याची युक्ती निघाली. तिच्यात पाणी वाचते हे खरे, पण ज्या वस्तूवर बंदी होती तीच वस्तू प्लेटीच्या रूपाने गेली आणि पिशवीच्या रूपाने परत आली.

अभियंता : स्टीलची प्लेट चांगलीच आहे, पण तिच्यावर काय उरते ते पाहा. लोण्यातील स्निग्धांश सुमारे 32 ते 35 अंशांच्या दरम्यान वितळतो; वनस्पती तुपाचा वितळणबिंदू 31 ते 41 अंशांच्या दरम्यान असावा असे आपल्याकडील मानकच सांगते. तोटीचे पाणी 27 अंशांचे धरले तर त्या पाण्यात ही चरबी वितळत नाही, ती घट्ट होऊन प्लेटीला धरून बसते. साबणाचा रेणू एका टोकाने तेलाला आणि दुसऱ्या टोकाने पाण्याला धरतो, पण घट्ट चरबीचा थर फुटल्याशिवाय त्याला आत शिरता येत नाही. म्हणून त्याच अमेरिकी संहितेत हाताने भांडी घासण्याचे पाणी किमान 43 अंशांचे असावे असे आहे, आणि हा आकडा त्यांनी 2022 मध्ये खाली आणला नाही.

विक्रेती : आकडे नसले तरी हे घरोघरी ठाऊक असते. तुपाचे भांडे थंड पाण्याने घासले की हात ओशट होतो आणि भांडे तसेच राहते. म्हणून पूर्वी राख लावत, आणि ओतायला चुलीवरचे पाणी घेत.

राखेचा उल्लेख सहज झाला असला तरी तो नेमका आहे. लाकडाच्या राखेतील क्षार पाण्यात विरघळून चरबीशी संयोग पावतात आणि भांड्यावरच अल्पसा साबण तयार करतात. राख आणि ऊन पाणी यांची जोडी म्हणजे हाताशी असलेल्या वस्तूंचे रसायनशास्त्रच होते. मराठी स्वयंपाकघरात या कामासाठी घासणे, विसळणे आणि निथळणे अशी तीन वेगळी क्रियापदे आहेत. जगभरच्या नियमांत ज्याला तीन कप्प्यांचे सिंक म्हणतात, त्याच्या पहिल्या कप्प्यात घासणे, दुसऱ्यात विसळणे आणि तिसऱ्यात निर्जंतुक करणे असते, आणि त्यानंतर भांडे आपोआप निथळू द्यायचे असते. मराठी घराने या क्रमातील तिसरी पायरी कधी स्वतंत्र मानली नाही. आणि हातगाडीने निथळण्याची पायरी गाळून तिच्या जागी फडके आणले, म्हणजे तीन बादल्यांतून जे काही साधले ते दिवसभर ओल्या राहिलेल्या एका फडक्याने पुसून टाकले. गाडीवर एकच सुधारणा करायची असेल तर ती कोणती, असे विचारल्यास प्रस्तुत लेखाचे उत्तर ऊन पाणी असे नसून फडके हद्दपार करून प्लेटा उभ्या लावण्याची जाळी बसवावी असे आहे. पण तो वेगळा विषय झाला.

तिसऱ्या कप्प्याबद्दल थोडक्यात एवढेच. तेथे उष्णतेने काम करायचे तर पाणी किमान 77 अंशांचे आणि भांडे त्यात अर्धा मिनिट बुडालेले हवे, आणि हे गाडीवर हाताने करणे धोक्याचे आहे. त्याऐवजी दुकानात मिळणारे सुमारे 4 टक्के तीव्रतेचे सोडियम हायपोक्लोराइट 10 लिटर साध्या पाण्यात 25 मिलिलिटर घातले, की दहा लाख भागांत 100 भाग क्लोरिनचे द्रावण होते आणि ते पुरते. हे पाणी मात्र ऊन असता कामा नये, कारण उष्णतेने क्लोरिन लवकर उडून जातो. आणि प्लेट आधी नीट घासलेली हवी, कारण उरलेली चरबी तो क्लोरिन खाऊन टाकते. म्हणजे तीन कप्प्यांपैकी ऊन पाणी लागते ते पहिल्यातच.

विक्रेती : एका कप्प्यापुरते म्हणालात तर बोलता येईल. दिवसाला किती लागेल?

अभियंता : घासण्याचे पाणी 10 लिटर धरा, आणि ते ओशट झाले की बदला. 27 अंशांचे 10 लिटर पाणी 45 अंशांवर नेण्यास सुमारे 750 किलोज्यूल उष्णता लागते. एक किलो गॅसमधून सुमारे 46 हजार किलोज्यूल निघतात. रस्त्यावरच्या वाऱ्यात त्यातली निम्मी वाया जाते असे धरले तरी हे काम सुमारे 33 ग्रॅम गॅसमध्ये होते. 19 किलोच्या व्यावसायिक सिलिंडरमधून असे पाणी पावणेसहाशे वेळा निघेल. खर्चाची सबब टिकत नाही.

विक्रेती : गॅसच्या खर्चाची सबब कोणी सांगितलीच नाही साहेब. सबब आहे ती जागेची. गाडीवर दोन बर्नर, एक तव्याला आणि एक भाजीच्या पातेल्याला. तिसरा ठेवला तर पाव ठेवायचे कोठे? विजेची कांडी म्हणाल तर वीज कोणाच्या मीटरची, आणि ओल्या पत्र्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात ती देणार कोण?

अभियंता : कांडी नकोच. बॅटरीवरही जमत नाही. 12 व्होल्टच्या 100 अँपिअर-तासांच्या बॅटरीत 1.2 युनिट वीज मावते, आणि प्रत्येक 10 लिटरला त्यातली 0.21 युनिट जाते, म्हणजे पाच वेळा पाणी तापवले की दिव्याला फारसे काही उरत नाही. पण सगळे 10 लिटर तापवावेत असे कोणी म्हटले? अडीच लिटर उकळा.

या ठिकाणी वादाला जी कलाटणी मिळते तिच्यासाठी मराठीत दोन नेमके शब्द आहेत, आणि नियमांच्या भाषेत ते नाहीत हे त्या भाषेचे दुर्दैव आहे. उकळण्यासाठी ठेवलेले किंवा उकळते पाणी ते आधण, आणि कढत पाणी सोसवेल इतपत करण्यासाठी त्यात जे गार पाणी घालतात ते विसण. आंघोळीच्या वेळी घंगाळात विसण किती घालायचे हे प्रत्येक घरात हाताच्या अंदाजाने ठरत असे. हिशेब केला तर 100 अंशांच्या एका भाग आधणात 27 अंशांचे तीन भाग विसण घातले की 45 अंशांचे चार भाग पाणी होते. म्हणजे 10 लिटरच्या कप्प्यासाठी अडीच लिटरचे एक झाकणाचे पातेले पुरते. लागणारी उष्णता तेवढीच राहते, पण टाकी, तिला जोडलेली ऊन पाण्याची नळी, मिश्रण करणारी तोटी हे सगळे गाडीवरून उतरते. साधी पीव्हीसी नळी 60 अंशांच्या आसपास मऊ पडते आणि तिच्या जागी सीपीव्हीसी लागते, ही वेल्डरला सहसा न सुचणारी भानगडही त्याबरोबर मिटते.

विक्रेतीने मात्र ही युक्ती लगेच उचलली नाही, आणि तिचे कारण ऐकण्यासारखे आहे.

विक्रेती : उकळते पातेले गर्दीत उचलायचे, तेही गाडीच्या मागच्या बाजूला, जेथे कांदा चिरणारा पोरगा बसलेला असतो? घरात आधण उतरवताना बाजूच्याला सरक म्हणता येते. रस्त्यावर मागून रिक्षा येते. त्यापेक्षा 60 अंशांचे पाणी स्थिर भांड्यात असावे आणि तोटीने काढावे.

अभियंता : 60 अंशांचे पाणीही पाचेक सेकंदांत भाजते, ताई.

विक्रेती : भाजेल, पण अंगावर सांडणार नाही. आणि ते तापवायला तिसरा बर्नर नको. तव्याच्या मागच्या कडेने जी ऊब संध्याकाळभर वर जाते आणि उभ्या माणसाला घाम फोडते, तिच्यात बंब बसवता येणार नाही का?

बंब हा शब्द येथे विक्रेतीने उच्चारावा हे स्वाभाविक आहे. पुण्याच्या तांबट आळीत ज्यांचे ठोके पिढ्यान् पिढ्या ऐकू आले त्या तांब्याच्या बंबाची रचना अशी असते की मध्यभागी उभी नळी, तिच्या तळाशी जाळी आणि विस्तव, नळीभोवती पाणी, वर पाणी ओतण्याचे तोंड आणि बाजूला तोटी. विस्तवाची उष्णता आणि वर जाणारा धूर या दोन्हींचे काम पाणी करून घेते. (आग विझवणाऱ्या गाडीलाही मराठीत बंबच म्हणतात, म्हणजे एकाच शब्दात आग पोटात घेणारे आणि आग विझवणारे अशी दोन्ही यंत्रे नांदतात.) घरगुती गॅसच्या शेगडीची औष्णिक कार्यक्षमता किमान 68 टक्के असावी असे भारतीय मानक आहे. बंद खोलीत, योग्य मापाच्या भांड्याखाली मिळणारी ही मर्यादा उघड्या गाडीवर, पसरट तव्याखाली आणि खाडीवरून येणाऱ्या वाऱ्यात कितपत टिकेल याचा अंदाज बांधता येतो. वाया जाणारी ती उष्णता तव्याच्या पाठीमागे उभ्या केलेल्या अरुंद, आठ-दहा लिटरच्या स्टीलच्या टाकीत घेतली, तर वेगळे इंधन न जाळता पाणी ऊन राहते.

अभियंता : बसवता येईल, पण दोन अटी पाळाव्या लागतील. पहिली अशी की टाकी कधीही बंद करायची नाही. एक लिटर पाण्याची वाफ झाली की ती 1,600 लिटरहून अधिक जागा मागते. वरचे तोंड उघडे असले तर ती निघून जाते, आणि कोणी झाकणाला पाना लावून ते घट्ट केले, किंवा बर्नरभोवती तांब्याच्या नळीचे वेटोळे घालून तिच्या टोकाला तोटी बसवली, तर ती तोटी बंद असताना गाडीवर स्फोटक वस्तू ठेवल्यासारखे होते. घरचा बंब शंभर वर्षे सुरक्षित राहिला तो कारागिराच्या कौशल्यामुळे जितका, तितकाच त्याचे तोंड उघडे होते म्हणून. दुसरी अट अशी की गॅसची नळी त्या टाकीपासून दूर, गाडीच्या विरुद्ध बाजूने न्यायची.

विक्रेती : आणि कोळसा?

अभियंता : कोळशाचा विचार सोडा. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्या व भट्ट्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितले आहे.

तंत्राचा भाग येथे संपला असे वाटू शकते, आणि अभियंत्याला तसे वाटलेही. परंतु विक्रेतीचा मूळ आक्षेप तंत्राला नव्हता. रस्त्यावर अन्न शिजवणे हेच महापालिकेच्या दृष्टीने आक्षेपार्ह असते आणि अतिक्रमण निर्मूलन पथकाच्या कारवाईत गॅसचे सिलिंडर सर्वांत आधी उचलले जातात. संसदेने 2014 साली पथविक्रेता अधिनियम केला, त्यात नगर पथविक्रेता समित्यांमध्ये 40 टक्के जागा विक्रेत्यांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींना दिल्या आणि जप्त केलेला न सडणारा माल दोन कामकाजी दिवसांत परत देण्याचे बंधन घातले. मुंबईत त्याच वर्षी झालेल्या सर्वेक्षणात सुमारे 99 हजार अर्ज आले आणि त्यांपैकी सुमारे 32 हजार विक्रेते पात्र ठरले. समितीसाठी मतदान होण्यास 29 ऑगस्ट 2024 उजाडला. ज्याचे नाव त्या 32 हजारांत नाही त्याच्या गाडीवर बंब बसवण्याचा सल्ला देणे म्हणजे भाड्याच्या खोलीत संगमरवर बसवायला सांगण्यासारखे आहे.

विक्रेती : चार हजारांची बादली-परात गेली तर माणूस आठवड्यात उभा राहतो, साहेब. सिंक, टाकी, जाळी यांसह गाडी गेली तर कर्जाचा हप्ता तेवढा उरतो. 2020 च्या स्वनिधी योजनेत पहिले कर्ज 10 हजारांचेच होते. त्यात मोरी बसवायची की माल भरायचा?

अभियंता : म्हणूनच मोरी गाडीवर नको, रस्त्यावर हवी, असे म्हणणाराही एक पक्ष आहे. सिंगापूरने 1971 ते 1986 या काळात रस्त्यावरचे विक्रेते नळ आणि गटार असलेल्या सामाईक केंद्रांत हलवले. वल्लभबाग गल्लीच्या एका टोकाला दहा गाड्यांत मिळून एक सामाईक धुण्याची जागा झाली, तर प्रत्येकीने बंब वाहून नेण्याचे कारण नाही.

विक्रेती : होईल तेव्हा होईल. गाडी पुढच्या महिन्यात उभी राहायची आहे.

या एका वाक्यात सिंगापूरचा दाखला निष्प्रभ होतो. सामाईक केंद्राची कल्पना उत्तम आहे. पण ती अमलात आणणे विक्रेत्याच्या हाती नाही, आणि स्वतः बांधून घेतलेल्या गाडीचा विचार करताना तिचा उपयोग मुख्यतः स्वतः काही न करण्यासाठी होतो. कॅलिफोर्निया राज्याने याहून वेगळी वाट धरली. मोठ्या ट्रकसाठी लिहिलेले सिंकचे आणि टाक्यांचे नियम पदपथावर ढकलत नेण्याच्या लहान गाडीला लावले तर एकही गाडी नियमात बसत नाही, हे मान्य करून तेथे 2022 साली लहान गाड्यांचा स्वतंत्र वर्ग कायद्याने निर्माण केला आणि 1 जानेवारी 2023 पासून त्यांच्यावरील अटी सैल केल्या. महाराष्ट्रात अटी सैल करण्याची गरजच पडत नाही, कारण ‘गरज असल्यास’ यापेक्षा सैल अट लिहिता येणार नाही. येथे उलट, कोणत्या पदार्थाच्या गाडीला गरज आहे आणि कोणत्या नाही, हे कोणीतरी लिहून ठेवायला हवे. उसाच्या रसाच्या किंवा भेळेच्या गाडीला ऊन पाण्याचे काही काम नाही. लोणी, चीज आणि वनस्पती तूप वापरणाऱ्या, धुऊन पुन्हा वापरायच्या प्लेटीत वाढणाऱ्या गाडीला आहे.

विक्रेतीने शेवटी टाकी बसवण्याचे कबूल केले, पण त्याच दमात एक प्रश्न पुढे ठेवला.

विक्रेती : वर 40 लिटरची साध्या पाण्याची टाकी, मागे आठ लिटरचा बंब, खाली सिंकचे भांडे. वापरलेले पाणी आतापर्यंत बादलीतून गटारात जात होते. आता ते कोठे जाणार?

अभियंता : सिंकखाली सांडपाण्याची टाकी. ती वरच्या टाकीपेक्षा 15 टक्के मोठी असावी असा त्याच अमेरिकी संहितेचा दंडक आहे, म्हणजे 40 लिटरला 46 लिटर, कारण त्यात साबणाचा फेस आणि खरकटेही येते.

विक्रेती : म्हणजे पाणी संपेल, पण वजन उतरणार नाही. येताना 40 किलो वर, जाताना 40 किलो खाली.

ही गोष्ट कागदावरच्या आराखड्यात दिसत नाही आणि गाडी ढकलणाऱ्याच्या खांद्याला पहिल्याच रात्री कळते. बादलीवाली गाडी रात्री हलकी होऊन परतते, मोरीवाली गाडी जेवढी जड आली तेवढीच जड जाते. त्यातल्या त्यात सोय एवढीच की भार खालच्या टाकीत उतरल्याने परतीच्या वाटेवर ती कमी डुचमळते.

अभियंता : पण रस्त्याकडेच्या जाळीत ते पाणी ओतू नका. ती पर्जन्यजलवाहिनी असते, पावसाचे पाणी नाल्यांवाटे खाडीला नेण्यासाठी. मैलापाण्याच्या नळांचे जाळे वेगळे आहे. ऊन पाण्याने प्लेटवरून वितळवलेली चरबी त्या जाळीखाली जाऊन थंड झाली की पुन्हा घट्ट होते. लंडनमध्ये 2017 साली व्हाइटचॅपल भागातील गटारात अशा चरबीचा 130 टनांचा दगड सापडला होता. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा तुंबलेल्या नाल्यांनी काय केले ते उपनगरांना सांगायला नको.

विक्रेती : मग मैलापाण्याच्या चेंबरमध्ये ओतायचे? रात्री साडेअकराला चेंबरचे झाकण कोण उघडणार?

झाकण उघडण्याचा अधिकार विक्रेत्याला नाही आणि तो असावा असे कोणी सुचवणारही नाही; उघड्या मॅनहोलमुळे या शहरात माणसे वाहून गेली आहेत. अभियंत्याने थोडा वेळ घेतला, कारण परिशिष्ट 4 मध्ये सांडपाण्याची नीट विल्हेवाट लावावी असे आहे, पण ती रात्री साडेअकराला कोणत्या जागी लावावी हे नाही. विक्रेतीकडे मात्र उत्तर तयार होते, आणि प्रश्न विचारतानाच ते तयार असावे असे वाटते.

विक्रेती : टाकी चाकांवर घ्यावी लागेल. ती चाळीत नेऊन रात्रभर तशीच ठेवायची. सकाळपर्यंत पाणी निवते आणि तुपाची साय वर धरते. झाऱ्याने ती काढून ओल्या कचऱ्यात टाकायची आणि खालचे पाणी मोरीत सोडायचे.

अभियंता : साबणात मिसळलेली चरबी वर येणार नाही, ती पाण्यातच राहील.

विक्रेती : राहील तेवढी राहील. पहिले पाणी ओतण्याआधी प्लेट कागदाने पुसून घेतली तर तीही कमी होईल. पण साहेब, वेल्डरला आजच सांगायला हवे, की खालच्या टाकीचे तोंड झारा आत जाईल इतके रुंद ठेव. त्याने नेहमीसारखे बाटलीच्या मापाचे ठेवले तर साय आतच राहायची.